खिळ्यापासून बोर्डापर्यंत

९ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार शेवटी करते, आधी काम सांगते. फोनवर मी घसा फोडायचा आणि तू काही न ऐकता "हो हो" म्हणायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

मला चिंध्या, गंजलेले पत्रे, डाग पडलेले कागद असलं सगळं हवंय. हसू नकोस. आमच्या ऑफिसात लोक आपले फोटो घेऊन येतात, लग्नाचे, बाळांचे, नव्या दुकानाचे, आणि म्हणतात, "हे पन्नास वर्षांपूर्वीचे दिसले पाहिजेत." मग मी कॉम्प्युटरवर त्या फोटोच्या वर दुसऱ्याच कशाचा तरी फोटो पसरते. सुरकुतलेल्या कागदाचा, खरबरीत कापडाचा, सोललेल्या रंगाचा. वरचा थर फिका करत नेला की खालचा माणूस त्यातून डोकावतो आणि नवाकोरा नवरदेव कुणाच्या तरी जुन्या पेटीतून निघाल्यासारखा दिसतो. या वरच्या थराला आम्ही पोत म्हणतो.

आमच्याकडचे पोत वापरून वापरून चोथा झालेत. आमच्या साहेबीणबाई म्हणाल्या, "नवीन शोध, नाहीतर नवीन नोकरी शोध." मला एकदम तुझी बंद लाँड्री आठवली. तिथे काय नसेल!

तेव्हा पाठव. नमस्कार.

तुझी ढमी


१६ फेब्रुवारी

ढमे,

पोत म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. एकेचाळीस वर्षं कापडाचा पोत बोटांनी ओळखून धुतलंय. पण एक सांग, लोक नवं जुनं करून घ्यायला येतात? आमच्याकडे जुनं नवं करून घ्यायला यायचे. आम्ही डाग काढत मेलो आणि तू डाग पाडून पोट भरतेस. धन्य आहे बाई.

पार्सलात इस्त्रीच्या टेबलावरचं करपलेलं फडकं आहे, बॉयलरच्या झाकणाचा गंजका तुकडा आहे (धुऊ नकोस, पण हात धू), आणि एक गुंडाळी आहे ती नीट उघड. घड्यांमध्ये घालायचा आपला पातळ कागद गठ्ठ्यांनी उरलाय. तो मी भिंतीवर धरला आणि वरून काळा मेणखडू आडवा घासला. माझ्या कॉटमागची भिंत, जिच्या पलीकडे बॉयलरची खोली आहे, ती. तिचे पोपडे, भेगा, सगळं कागदावर उमटलंय. डावीकडचा ठिपका म्हणजे तुझ्या आतोबांची टोपी लटकायची तो खिळा, उजवीकडची सरळ रेघ म्हणजे स्विचबोर्डाची कड. कागद तेवढ्याच लांबीचा आहे, खिळ्यापासून बोर्डापर्यंत, बरोब्बर.

दादाचा परत निरोप आला. लाँड्री बंद झाली, आतोबा गेले, एकटी काय करतेस, आमच्याकडे ये. तिथे जाऊन मी काय करू? सोफ्याच्या कोपऱ्यात बसून दादाची सून कधी जेवायला हाक मारते त्याची वाट बघू? तुझ्या बापाला म्हणावं, मला काम आहे.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या, तू कमाल आहेस!

फडकं ठीक, पत्रा ठीक, पण ती भिंत! मी ती तुकड्या-तुकड्यांत स्कॅन करून जोडली आणि एका लग्नाच्या फोटोवर चढवली. आमच्याकडे एक युक्ती असते, तिने कागदाचा पांढरा भाग विरून जातो आणि काळं तेवढं खालच्या फोटोवर उतरतं. तुझी ती भेग, वरून येते, खिळ्याला वळसा घालते आणि बोर्डाकडे जाताना तिला दोन फाटे फुटतात, ती नवरानवरीच्या मधून अशी गेली की बाई खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरून मात्र भेग जाऊ द्यायची नसते, तिथला थर हलक्या हाताने पुसावा लागतो. सोबत छापलेला फोटो पाठवतेय, बघ.

दर पंधरा दिवसांनी एक पाठवत जा. आणि हात जोडते, त्या भिंतीला रंगबिंग देऊ नकोस, लिंपू नकोस. आहे तशी राहू दे. सोन्याची भिंत आहे ती!

ढमी


५ मार्च

ढमे,

फोटो पाहिला. परक्याच्या लग्नात माझ्या भिंतीचे पोपडे! नवरीच्या सासूला विचारलंस का?

शेजारच्या गॅरेजवाल्याला, त्याला सगळे स्पॅनरच म्हणतात, दाखवला. तो म्हणाला, "मावशी, तुमची भिंत फेमस झाली." मी हसले नाही, पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

गवंडी यायचा होता सोमवारी. भिंतीत ओल मुरलीये, मागचा पाइप गळतो, खालून खरवडून पुन्हा बांधायला हवी असं तो गेल्या वर्षापासून म्हणतोय. त्याला दारातूनच परत पाठवला. म्हटलं, भिंत सध्या कामावर आहे.

आत्या


२० जून

आत्या,

तुझ्या नवव्या गुंडाळीबद्दल आभार. मस्त आहे. वापरतेच आहे. नवा फोटो सोबत आहे, बघ कसा झालाय.

इकडे विशेष काही नाही. धावपळ. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की काय करायला उठले ते आठवत नाही. पुढची गुंडाळी पाठव, थांबू नकोस.

ढमी


२ ऑगस्ट

ढमे,

एक गंमत झाली. काल कागद लावला तर खिळ्यापासून बोर्डापर्यंत पुरेना. बोटाच्या पेराएवढा कमी पडला. गठ्ठा तोच, माप तेच. मला वाटतं पावसाळी हवेने कागद आटला. सुती कापड नाही का पहिल्या धुण्यात आटत? एका गिऱ्हाइकाची पँट अशी आटली होती की तो आतोबांशी भांडायला आला तेव्हा त्याचे मोजे दिसत होते.

तर आखूड आहे, चालवून घे. मागच्या दोन फोटोंत भिंत फार फिकी दिसते. पुरेसा खडू घासत नाही का मी?

आत्या


१० ऑगस्ट

आत्या,

कागद आटत नाही ग! तुझा हात वाकडा, खापर कागदावर. नाचता येईना, अंगण वाकडं. खडू भरपूर आहे, तुझ्यात काही कमी नाही.

माझंच डोकं ठिकाणावर नाही. सारखं वाटतं, काहीतरी करायचं राहिलंय. गॅस बंद केला का ते बघायला दोन वेळा जिना चढून परत गेले. बाबा म्हणाले, लग्न कर. मी म्हटलं, गॅसचा आणि त्याचा काय संबंध?

आखूड तर आखूड. पाठवत राहा.

ढमी


३० ऑगस्ट

ढमे,

या खेपेला दोन बोटं कमी पडला. मी शेवटाला एक पट्टी चिकटवली आणि घासलं, म्हणजे बोर्ड आला पाहिजे. तुला सांधा दिसेल, तो तुझ्या त्या युक्तीने पुसून टाक.

सकाळी उशीवर चुन्याचा भुगा असतो. झटकते आणि कामाला लागते. स्पॅनर उगीच येऊन भिंतीकडे बघत उभा राहतो. त्याला म्हटलं, गाड्या बघ, त्यांना तुझी गरज आहे.

आत्या


८ सप्टेंबर, रविवार, दुपार

आत्या,

हे पत्र हातात पडताच कॉट त्या भिंतीपासून हलव. वाचायचं थांबव, हलव, मग पुढे वाच. स्पॅनरच्या गॅरेजात मी आत्ताच फोन केलाय, त्याला सगळं सांगितलंय, तो पत्राच्या आधी पोचेल. तरी लिहितेय, कारण तू त्याचं ऐकणार नाहीस.

आज मी तुझ्या सगळ्या गुंडाळ्या काढल्या आणि एकामागून एक स्कॅन केल्या. म्हटलं, एकावर एक थर रचून बघावं कसं दिसतं. फेब्रुवारीची सगळ्यात खाली, ऑगस्टची सगळ्यात वर. खिळ्यावर खिळा बसवला तर बोर्डावर बोर्ड बसेना. बोर्ड बसवला तर खिळा सरकला. मला वाटलं, माझंच चुकतंय. चार वेळा केलं. मग कागदच जमिनीवर पसरले आणि टेप लावला. तू काढतेस ते ठसे आहेत आत्या, फोटो नव्हेत, जेवढी भिंत तेवढाच कागद. फेब्रुवारीत खिळ्यापासून बोर्डापर्यंत एकशे बारा सेंटिमीटर आहेत. परवाच्या कागदावर एकशे साडेपंधरा.

कागद आटला नाही. भिंत उघडतेय. तिला पोट सुटलंय आणि तू तिच्या पोटाशी झोपतेस.

गवंड्याला आजच्या आज बोलाव.

ढमी


१३ सप्टेंबर

ढमे,

स्पॅनर आला, दोन माणसं घेऊन आला, आणि मला न विचारता कॉट उचलून स्वयंपाकघरात टाकली. आता चहा करायचा तर कॉटवर चढून ओट्याशी जावं लागतं. तुझं समाधान झालं ना? मग आता गप्प बस.

गवंड्याला बोलावणार नाही. तो ती सगळी उतरवणार आणि गुळगुळीत नवी उभी करणार. मग मी तुला काय पाठवू? गंजका पत्रा एकदाच पाठवता येतो. ही भिंत दर पंधरवड्याला नवं काहीतरी देते. तुझी नोकरी तिच्यावर चाललीय हे विसरू नकोस. आणि माझे दिवसही.

लाँड्री बंद झाल्यावर मी काय करत होते माहीत आहे का तुला? आपल्याच धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. आता निदान भिंतीचं काही कारण तरी आहे.

ती माझ्यापेक्षा लहान आहे आणि माझ्यासारखीच उभी राहील.

आत्या


१७ सप्टेंबर

आत्या,

हे चार वेळा लिहून फाडलं. आता जे होईल ते होवो.

मला तुझी भिंत नकोय. जूनपासून नकोय. बाईंनी तेव्हा तयार पोतांचा एक मोठा संच विकत घेतला, पाच हजार पोत, भेगा, गंज, डाग, सगळं. बटण दाबलं की फोटोवर चढतं. त्यांनी मला सांगितलं, आता तो हस्तोद्योग बंद कर. मी बंद केला. तुला सांगितलं नाही. तुझी पत्रं इतकी खुशीत येत होती की मला वाटलं, पाठवू दे, तिला काम आहे असं वाटतंय ना. तुझ्या जूननंतरच्या सहा गुंडाळ्या मी उघडल्याही नाहीत. कपाटावर उभ्या करून ठेवल्या. वर पुन्हा तुला "वापरतेच आहे" म्हणून लिहिलं, आणि त्या संचातल्या भेगा टाकलेले फोटो तुझे म्हणून पाठवले. रविवारी त्या गुंडाळ्या उघडल्या त्याही कामासाठी नव्हे. कपाट आवरायला काढलं होतं, त्या पायांत आल्या.

आणि तू कागद आटला म्हणालीस, तेव्हा मी म्हण ऐकवून वेळ मारून नेली. त्याच दिवशी ती गुंडाळी उघडून बघितली असती तर मला कळलं असतं. महिनाभर तू तशीच त्या भिंतीखाली झोपलीस. भिंतीला हात लावू नको असंही मीच सांगितलं होतं. मला माझी इतकी लाज वाटतेय की आरशात केस विंचरत नाही, अंदाजाने विंचरते.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. हे तोंडावर सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून पत्र पुढे पाठवतेय. मारायचं तर मार. पण भिंत पाड, आत्या. तिच्यावर कुणाचं काही अवलंबून नाही.

ढमी


९ ऑक्टोबर

ढमे,

तू आलीस, तीन दिवस राहिलीस, गवंड्याकडे जाऊन त्याच्याकडून तारीख घेतलीस, माझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलंस, आणि त्या पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मीही काढलं नाही. बहिऱ्या माणसाशी लाजेच्या गोष्टी ओरडून कशा बोलणार? सगळं गॅरेज ऐकेल. म्हणून आता लिहिते.

आधी भिंतीचं. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी गवंडी दोन माणसं घेऊन आला. खिळा मी आधी स्वतः काढून घेतला. नुसता बोटांनी आला, पक्कड लागली नाही. मग त्यांनी पहार आणली, पण ती लागलीच नाही. एकाने सहज हाताने रेटलं आणि सगळीच्या सगळी भिंत बसली. हाताने, ढमे. दोन माणसं उड्या मारून मागे झाली. धूळ खाली बसली तेव्हा माझ्या कॉटच्या जागी कमरेएवढा विटांचा ढीग होता. स्पॅनरने मला धरून गॅरेजात नेलं आणि पाणी दिलं. तोवर मी स्वतःला समजावत होते की तू उगाच आकाशपाताळ एक करतेयस.

आता दुसरं. तुला वाटतं तू मला फसवलंस. अग, डाग बघण्यात माझा जन्म गेला. कॉलरवरचा डाग चहाचा की औषधाचा, ते मी कपडा हातात घ्यायच्या आधी सांगायची. तुझा विसाव्या जूनचा फोटो आला त्याच दिवशी मला कळलं, ही भेग माझी नाही. माझ्या भेगेला दोन फाटे आहेत, हिला एकही नाही. आणि जुलैच्या दोन फोटोंत एकच काळा ठिपका, एकाच आकाराचा, एकाच कोपऱ्यात. खऱ्या भिंतीवर एक डाग दोनदा पडत नाही. भिंत फिकी दिसते का, खडू कमी पडतो का, हे मी मुद्दाम विचारलं होतं. म्हटलं, आता तरी खरं सांगेल. तू म्हणालीस, खडू भरपूर आहे.

कागदाचंही तसंच. पहिल्यांदा मला खरंच वाटलं आटला. दुसऱ्या वेळी मी टेप लावला.

मग का घासत राहिले, असं विचारशील. ऐक. तू गेल्या आठ वर्षांत मला किती पत्रं लिहिलीस? दोन. एक आतोबा गेले तेव्हाचं, आणि एक पत्ता बदलल्याचं. आणि या फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी एक. खोटं बोलायला का होईना, तू बसून मला लिहीत होतीस. गॅस बंद केला का ते बघायला परत जिना चढलीस, हे मला लिहीत होतीस. मला वाटलं, भिंत गेली की कागद गेला, आणि कागद गेला की पत्र गेलं. भिंत पडेल याची भीती वाटायची, पण ती दुसरी भीती जास्त होती. आता हे लिहिताना मला मूर्खपणा कळतोय. तेव्हा कळत नव्हता, असं नाही.

मी रागावले आहे का? आहे. माझ्या सहा गुंडाळ्या न उघडता कपाटावर ठेवल्यास त्याचा आहे. बाकी कशाचा नाही.

सोबत एक गुंडाळी आहे. नवी भिंत परवा वाळली, तिचा ठसा. उघडून बघ, या वेळी उघडच. खिळा होता तिथून अंदाजाने धरला, तर कागद पुरला, बोटभर उरलासुद्धा. त्यावर काहीच नाही, नुसता राखाडी. गवंड्याचं काम चोख आहे. हा कुठल्या फोटोवर टाकलास तर फोटो आहे तसाच दिसेल. खिळा मी अजून ठोकलेला नाही.

आता माझ्याकडे तुला पाठवण्यासारखं काही उरलं नाही. तू काय करतेस ते बघायचंय.

आत्या


१४ ऑक्टोबर

आत्या,

गुंडाळी उघडली. जमिनीवर पसरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. खाली डाव्या कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा खडूचा ठसा आहे, तो तुला दिसला नसेल.

तुझ्याकडून काही नकोय. चिंधी नको, पत्रा नको, काही पाठवू नकोस. बाईंनी आज मला एका बाळाच्या फोटोवर भेगा टाकायला सांगितल्या, मी टाकल्या आणि मग सगळ्या पुसल्या, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात आणि एकीला तपकिरी डाग आहे. चहाचा नव्हे, इस्त्रीचा, हो ना? आज गॅस बघायला एकदाच परत गेले.

खिळा ठोक. कुठे ठोकलास ते लिही.

ढमी